इटली कुणाकडची?

नेपरव्हिल, रविवार, २६ फेब्रुवारी २००६

पुरुषोत्तम,

नमस्कार. 'सप्रेम' हा शब्द मुद्दाम गाळला आहे. घाईत राहून गेला अशी समजूत करून घेऊ नकोस.

फोनच केला असता, पण माझा आवाज ऐकला की तू रिसीव्हर उल्काच्या हातात देतोस. उल्का सुचित्राला बोलवायला सांगते, त्या दोघी नणंद-भावजया तासभर बोलतात आणि आपण दोघं दोन हजार मैलांवर आपापल्या सोफ्यावर तोंड फुगवून बसतो. पत्र लिहिताना निदान मधेच मला कुणी तोडत नाही.

मुद्द्यावर येतो. तुझी एकुलती एक भाची हिमानी हिचं सतरा जूनला लग्न आहे. मुलगा बेलव्ह्यूचा, ईशान, सॉफ्टवेअरवाला, स्वभावाने गरीब. आमंत्रण इंटरनेटवरून गेलं. लोकांनी भराभर 'यस' केलं. दोघांनी 'नो' केलं, त्यातल्या एकाची बायपास आहे आणि दुसऱ्याच्या सुनेचं बाळंतपण. अख्ख्या अमेरिकेत 'मेबी' करणारा माणूस एकच निघाला, आणि तो मुलीचा मामा! वर 'काय आणणार?' या रकान्यात त्याने लिहिलं, 'पेपर प्लेट्स'.

अरे, मामा म्हणजे काय पिकनिकचा पाहुणा आहे? नवरीला मांडवात कोण आणणार? मंगलाष्टकं चालू असताना तिच्या मागे कोण उभं राहणार, मेबी? इंटरनेटचं आमंत्रण हा मुलांचा कारभार असतो, हिमानीनेच पाठवलं असणार. त्याचा राग माझ्यावर काढण्यात काय शहाणपण आहे?

असो. तुझी खोड काढण्यासाठी हे पत्र नाही. इथल्या पब्लिक लायब्ररीत निवृत्त मंडळींसाठी गुरुवारी व्याख्यानं होतात आणि सोळा मार्चचं मला दिलंय. विषय पहिल्या महायुद्धाचा, ऐक: 'एकोणीसशे चौदा: कुणाचं पारडं जड होतं?' सुचित्रा म्हणाली, "तीस वर्षं औषध देऊन लोकांना झोपवलंत, आता औषधाशिवाय झोपवा." भूलतज्ज्ञाच्या बायकोला एवढा विनोद माफ असतो.

वाटायच्या कागदाची एक प्रत सोबत ठेवली आहे. एका बाजूला जर्मनी, ऑस्ट्रिया-हंगेरी, इटली. दुसऱ्या बाजूला ब्रिटन, फ्रान्स, रशिया. रशियाचा आकडा साठ लाखांजवळ जातो, पण त्यातल्या निम्म्यांना सरहद्दीपर्यंत आणायला रेल्वे नाही. जर्मनीकडे माणूस कमी, पण प्रत्येक गाडीचं वेळापत्रक आधीच छापून तयार. समुद्रावर ब्रिटनपुढे उभं राहायची कुणाची टाप नव्हती. फ्रान्सचं सैन्य मोठं, मात्र पायात लाल विजारी, लांबून नेम धरायला सोयीच्या. तुमच्या गच्चीवर खडूने युरोप काढून आपण आगकाड्या मांडायचो, एक काडी म्हणजे एक लाख माणूस, ते आठवलं. तू कायम ब्रिटनची बाजू घ्यायचास, मी जर्मनीची, आणि भांडण नेहमी इटलीवरून. ती करारात आमच्याकडे, वागण्यात तुमच्याकडे. चहा घेऊन वर आलेल्या तुझ्या बहिणीला आपण इटली करून टाकलं होतं. पुढे मी तिच्याशीच लग्न केलं, म्हणजे तो वाद तरी मी निकालात काढला.

कागद तुझ्या माहितीसाठी पाठवतोय. मत मागितलेलं नाही.

गुरुनाथ

ता. क. पेपर प्लेट्स आमच्याकडे भरपूर आहेत.


नेपरव्हिल, रविवार, १९ मार्च २००६

पुरुषोत्तम,

नमस्कार. तुझं पाकीट मिळालं. आत एका ओळीचंही पत्र नाही, फक्त माझाच कागद, लाल पेन्सिलीने रक्तबंबाळ केलेला. वर 'डॉक्टरसाहेब' अशी सुरुवात आणि खाली सहीसुद्धा नाही. चाळीस वर्षं अरे-तुरे केल्यावर मी एकाएकी साहेब झालो!

ऑस्ट्रियाच्या युद्धनौकांचा आकडा मी चुकवला होता, कबूल. इटलीला कोळसा ब्रिटनकडून जहाजाने यायचा, त्यामुळे तिची ब्रिटनशी लढायची छाती कधीच होणार नव्हती, ही तुझी टीपही झकास आहे. ती मी व्याख्यानात तुझं नाव न घेता वापरली.

पण तिसऱ्या परिच्छेदावर तू जी काट मारलीस, तिने मात्र माझी झोप उडवली. 'ब्रिटन, फ्रान्स आणि रशिया यांनी लष्करी करारावर सह्या केल्या होत्या' असं माझं वाक्य. त्यावर तुझी रेघ आणि बाजूला मोठ्या अक्षरांत: 'करार फ्रान्स आणि रशियाचा. ब्रिटनची दोघांशी नुसती समजूत होती. लढाईत तुमच्या बाजूने उतरेन असं त्याने फ्रान्सला लिहून दिलेलं नव्हतं.'

मी दोन पुस्तकं उघडली. तुझंच बरोबर निघालं. मेल्या, तू ट्रान्झिस्टरमध्ये जन्म घालवलास आणि माझ्या विषयात मला पाडतोस, याचा मला भयंकर राग येतो आणि त्याहून जास्त आनंद होतो. हे मी कुणाला बोलून दाखवलेलं नाही.

मग ब्रिटन युद्धात उतरला कशासाठी, हे लोकांना सांगायला नको का? मी सांगितलं, बेल्जियमसाठी उतरला. त्या चिमुकल्या देशाला फार पूर्वी शब्द दिलेला होता, तुला कुणाला हात लावू देणार नाही म्हणून. जर्मनीने बेल्जियममध्ये पाऊल टाकलं आणि ब्रिटन उठला. आतली कारणं आणखी होती, पण लायब्ररीतल्या लोकांना हे कारण आवडलं.

व्याख्यान रंगलं. बावीस जण आले होते, त्यातले दोघेच झोपले. शेवटी शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या एक बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर, दे काउंटेड एव्हरीथिंग. सो हाउ कम नोबडी न्यू?" दोन्हीकडच्यांनी एकमेकांची माणसं मोजली, तोफा मोजल्या, रेल्वेचे डबे मोजले, आणि तरी दोन्हीकडचे लोक नाताळपर्यंत घरी येऊ म्हणून निघाले, ते कसं? मी घड्याळाकडे बघून "टाइम इज अप" म्हटलं. डॉक्टर लोकांना ती सवय असते.

लग्नाबद्दल तू एक अक्षर लिहिलं नाहीस. हॉलवाल्याला नक्की आकडा द्यायचाय. 'मेबी'ला जेवणाचं ताट सांगायचं की नाही?

गुरुनाथ


नेपरव्हिल, रविवार, १४ मे २००६

पुरुषोत्तम,

सप्रेम नमस्कार. शब्द परत घातलाय, कारण कागदावर तरी कुणीतरी सप्रेम असावं असं घरात वाटायला लागलंय. घरात मी एकटा आहे, हिमानी नुसती झोपायला येते.

सुचित्रा तुझ्याकडे सनीव्हेलला आली आहे हे तुला सांगायला नकोच, तुझ्याच डायनिंग टेबलवर ती हे पत्र वाचत असेल. वाच, सुचित्रा. मला कळतंय तू वाचतेयस.

मंगळवारी काय झालं ते माझ्या बाजूने ऐक. ईशानच्या आईचा फोन आला. बाई नागपूरकडच्या, गोड बोलून हवं ते काढून घेणाऱ्या. "मामांचं नक्की झालं नं? नाही तर आम्हाला गुरुजींना सांगावं लागेल." मी म्हटलं, मामांची व्यवस्था होईल. इथल्या मराठी मंडळात आमचा विनय आहे. त्याने आजवर सात मुलींना मांडवात आणलंय, स्वतःचा फेटा आणि कोल्हापुरी चपला घेऊन येतो, रडायच्या जागी रडतोही. इकडे सगळ्यांचेच मामा भारतात, व्हिसा मिळत नाही, तेव्हा विनय लागतोच. मी त्याला फोन करून सतरा जून धरून ठेवायला सांगितलं.

हिमानी जिन्यात उभी होती. ती खाली आली आणि म्हणाली, "बाबा, यू बुक्ड अ मामा?" मी म्हटलं, अगं, वेळेला केळं. तर म्हणाली, "मला सायकल पुरूमामाने शिकवली. ड्रायव्हिंग पुरूमामाने शिकवलं. त्याची गाडी मी गराजच्या दारावर घातली, तेव्हा तो तुम्हाला मीच ठोकली म्हणून सांगून मोकळा झाला. विनयकाका इज व्हेरी स्वीट, पण ही'ज नॉट माय मामा. मामा नसेल तर मी मांडवात एकटी चालत येईन."

एकटी! ईशानच्या आईसमोर! मी चढ्या आवाजात काहीतरी बोललो. काय ते लिहीत नाही. मग सुचित्रा बोलली. ती म्हणाली, "इतकी वर्षं तुम्ही दोघं मला आपापल्या बाजूला मोजता आहात. मी कुणाच्याच बाजूची नाही. मी माहेरी चालले." बॅग भरली, टॅक्सी बोलावली आणि गेली. फ्रीजवर चिठ्ठी होती, 'वरण फ्रीझरमध्ये आहे'. एवढीच!

मग मी बसून बलाबल मांडलं. माझ्याकडे चार बेडरूमचं घर, दोन गाड्या, हॉलचं बुकिंग, गुरुजी, केटरर, विनय आणि विनयचा फेटा. तुझ्याकडे सनीव्हेलचं दोन खोल्यांचं अपार्टमेंट, उल्का, आणि ती ऑफिसातून निवृत्तीला मिळालेली आरामखुर्ची. कागदावर माझं पारडं केवढं जड! आणि इटली गेल्यावर मला साधे पोहेसुद्धा भिजवता येईनात. काल त्यांचा लगदा झाला. तो मी चमच्याने खाल्ला आणि मला फार एकटं वाटलं. एवढं स्पष्ट लिहितोय म्हणजे समजून घे.

आणखी एक. इंटरनेटचं आमंत्रण हिमानीने पाठवलेलं नव्हतं. कॉम्प्युटरच्या क्लासात मी नवीनच शिकलो होतो. नवीन आमंत्रण कसं करायचं ते जमेना, म्हणून मंडळाच्या पिकनिकचं जुनं उघडलं, तारीख बदलली, 'पिकनिक'च्या जागी 'वेडिंग' घातलं आणि बटण दाबलं. 'काय आणणार?' हा रकाना पिकनिकचा होता, तो काढायचा राहिला. कडेला फुगेही राहिले. तळाला 'यजमान: गुरुनाथ' असं आपोआप छापून येतं हे मला परवा हिमानीने दाखवलं, म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आणि तरी तू पहिल्या पत्राच्या उत्तरात लाल पेन्सिल फिरवलीस ती युद्धनौकांवर, माझ्या थापेवर नाही.

दोनशे लोकांना फुगे गेले आणि कुणी काही बोललं नाही. मंडळातल्या एका काकूने तर बटाट्याची भाजी आणते म्हणून लिहिलंय. तुलाच तेवढं लागलं. का लागलं, तेही मला आता कळायला लागलंय. लग्नाची पहिली अक्षत देवाला, दुसरी मामाला. ती घरी जाऊन द्यायची असते, हातात नारळ घेऊन. मी तुला यादीत टाकलं.

सुचित्राला सांग, वरण संपलं.

तुझा,
गुरुनाथ


सनीव्हेल, तुझ्या दाराबाहेरची पायरी, शनिवार, २० मे २००६

प्रिय पुरुषोत्तम,

सप्रेम नमस्कार. मी आलोय. तुम्ही घरात नाही. भाजी आणायला गेला असाल, म्हणून पायरीवर बसलोय आणि विमानात उरलेल्या कागदावर लिहितोय. मोबाईल नेहमीप्रमाणे नेपरव्हिलच्या स्वयंपाकघरात राहिला. येतोय हे कुणालाच सांगितलेलं नाही, हिमानीलासुद्धा. तिला वाटतंय मी लायब्ररीत आहे.

नारळ आणलाय. त्याची कथा ऐक. शिकागोच्या विमानतळावर माझी पिशवी मशीनमधून गेली आणि पट्टा थांबला. एक धिप्पाड बाई आल्या, नारळ कानाशी धरून हलवला, आत पाणी वाजलं. "सर, व्हॉट इज धिस?" मी म्हटलं, "इन्व्हिटेशन." त्यांनी दुसऱ्याला बोलावलं, त्याने तिसऱ्याला. मग माझ्या डबीतल्या कुंकू लावलेल्या तांदळाकडे तिघांनी बराच वेळ पाहिलं. मी सगळं समजावून सांगितलं: भाची, मामा, मांडव. जर्मनीबद्दलही थोडं सांगितलं. शेवटी बाई म्हणाल्या, "यू आर फ्लाइंग टू कॅलिफोर्निया विथ अ कोकोनट टु इन्व्हाइट वन गाय?" मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "मस्ट बी सम गाय." आणि सोडलं.

विमानात त्या बसवाल्या बाईंच्या प्रश्नाचा विचार करत होतो. एवढं मोजूनही कुणाला का कळलं नाही? माझ्या कागदावर रशिया होता, तोफा होत्या, डबे होते. कोण कुणासाठी धावून येईल याला रकानाच नव्हता. तू लाल पेन्सिलीने मला तेच सांगत होतास की नुसतं व्याकरण तपासल्यासारखा तपासत होतास, ते तुझं तुला माहीत. मला मात्र नेवाड्याच्या वाळवंटावरून जाताना डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या माणसाने नॅपकिन दिला.

माझं म्हणणं एवढंच आहे. तू आमच्या लग्नाला येऊ नकोस, पाहुणे खूप आहेत. तू तुझ्या हिमानीला मांडवात घेऊन ये. मी विनयला नको म्हणून सांगितलंय. त्याला वाईट वाटलं, तेव्हा त्याला फेटा बांधायचं काम दिलं, तुझ्या डोक्यावर.

थांब, तुझ्या शेजारीण बाई कुत्रा घेऊन आल्या आहेत, त्या काहीतरी सांगताहेत.

धन्य आहे! त्या म्हणतात तुम्ही तिघंही पहाटे बॅगा घेऊन एअरपोर्टला गेलात. "दे सेड शिकागो." मी इकडे, तुम्ही तिकडे! दोन्ही सैन्यं एकाच दिवशी निघाली आणि ओमाहाच्या आसपास आकाशात एकमेकांना चुकवून गेली. मी पायरीवर एकटाच इतका हसलो, की कुत्रा भुंकायला लागला. बाई मला कॉफी देताहेत आणि परतीच्या विमानासाठी फोन करू देताहेत.

नारळ आणि अक्षता तुझ्या दाराशी ठेवून येतोय. तू घरी नसलास तरी घरी येऊन दिल्या आहेत, हे ध्यानात घे. बाई साक्षीदार आहेत.

तुझाच,
गुरुनाथ


नेपरव्हिल, तुझं स्वयंपाकघर, शनिवार संध्याकाळ

गुरू,

तुझा मोबाईल टोस्टरशेजारी वाजतोय, म्हणून लिहून ठेवतो. तू पोचशील तेव्हा आम्ही झोपलेले असू. तुमचा नंबर मी माझ्या शेजारणीकडे ठेवला होता, तिने हिमानीला फोन करून सगळं सांगितलं. नारळ तिने उन्हातून आत घेतला आहे.

हिमानीने दार उघडलं आणि गळ्यात पडली. एवढी घोडी झाली तरी माझ्या शर्टाला नाक पुसते. मी ठरवून आलो होतो की तुझ्याशी भांडायचं, मगच चहा घ्यायचा. तू नव्हतास, म्हणून चहा आधी घेतला.

राग फुग्यांचा नव्हता रे. त्या आमंत्रणात 'तुमच्यातर्फे किती जण?' असा रकाना होता. मला मूलबाळ नाही. उल्का सोडली तर माझ्यातर्फे जी एक येणार, ती तर नवरीच. तो रकाना भरता येईना, म्हणून मेबी केलं.

सुचित्रा सांगते आहे की ती कुणाच्याच बाजूची नाही, आणि सिंकमधली भांडी बघून तिने तुझं नाव घेऊन जे काही म्हटलं ते मी लिहीत नाही. भिजवलेले पोहे झाकून ठेवलेत. पाणी किती घालायचं ते उद्या शिकवेल म्हणते.

नारळ घेऊन तू पायरीवर बसलास हे ऐकून मला काय वाटलं ते तोंडाने सांगेन. इतिहासापुरतं मात्र नोंदवून ठेव: मी निघालो तेव्हा मला तुझ्या नारळाचा पत्ता नव्हता. फ्रान्सला काही लिहून दिलेलं नव्हतं. आलो तो बेल्जियमसाठी.

पेपर प्लेट्स आणल्या आहेत. गराजमध्ये ठेवल्यात.

पुरू